परित्यक्त तुरुंगवास्तूंचे छायाचित्रण आणि इतिहासाचा पुरावा : वसई किल्ल्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मराठीतील 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'त्रोंको' या शब्दावरून आला असे भाषाभ्यासक मानतात. 'त्रोंको' म्हणजे झाडाचे खोड. कैद्याचे पाय अडकवण्यासाठी भोके पाडलेला लाकडी ओंडका असा त्याचा पुढचा अर्थ, आणि तेथून कैदखाना हा तिसरा अर्थ. मराठीतही 'खोड' आणि 'खोडा' या दोन शब्दांत हेच नाते दिसते. कुलपाची 'चावी' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. एका राजवटीने मागे ठेवलेले शब्द लोकांच्या तोंडी आजही आहेत; परंतु ज्या वास्तूंत हे शब्द प्रत्यक्ष वापरले गेले, त्या वास्तू मात्र ढासळत आहेत.

उत्तर कोकणात अशा वास्तूंचा सर्वांत मोठा समूह वसईच्या किल्ल्यात आहे. १५३४ ते १७३९ अशी सुमारे दोनशे पाच वर्षे हा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. चर्चे, मठ, रुग्णालय, नगरसभा, न्यायालय आणि तुरुंग असलेले हे एक संपूर्ण तटबंद शहर होते. आज येथे छायाचित्रे काढण्यासाठी येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तथापि या छायाचित्रांत पुन्हा पुन्हा दिसतात त्या चर्चच्या दर्शनी भिंती, उंच कमानी आणि त्यांतून दिसणारे आकाश. शहराच्या रोजच्या कारभाराच्या, विशेषतः शिक्षा आणि बंदिवासाच्या जागा त्यांत जवळजवळ दिसत नाहीत.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. वसईच्या तुरुंगाविषयी लिखित पुरावा कोणता आहे? सतराव्या शतकातील तुरुंग ही वास्तू म्हणून कशी असे? आणि अशा परित्यक्त वास्तूचे छायाचित्र इतिहासाचा पुरावा म्हणून उपयोगी पडावे, यासाठी ते कोणत्या पद्धतीने काढले पाहिजे?

१. वसई किल्ला : संक्षिप्त पार्श्वभूमी

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई आणि लगतचा प्रदेश पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या हवाली केला. १५३६ मध्ये येथे किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. प्रारंभीच्या लहान बालेकिल्ल्याभोवती पुढे मोठी तटबंदी उभी राहिली आणि वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे बनले. फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन या धर्मसंघांनी येथे चर्चे व मठ बांधले. १६१८ च्या वादळाने शहराची मोठी हानी झाली, तरी सतराव्या शतकात वसईचे वैभव टिकून होते.

चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई जिंकली. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने ती इंग्रजांसाठी घेतली व सालबाईच्या तहानंतर ती पुन्हा मराठ्यांकडे आली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह याच गावाच्या नावाने ओळखला जातो. १८१८ नंतर किल्ला कायमचा इंग्रजी अमलाखाली गेला. एकोणिसाव्या शतकात तटाच्या आत साखरेचा कारखाना चालवण्याचेही प्रयत्न झाले. आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

या घटनाक्रमातून छायाचित्रकाराने एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. वसईतील कोणतीही भिंत केवळ 'पोर्तुगीज' नाही. तिच्यावर पोर्तुगीज, मराठा आणि इंग्रज अशा तीन राजवटींच्या वापराचे, दुरुस्तीचे आणि मोडतोडीचे थर आहेत. विसाव्या शतकापासूनच्या जतनकार्याचा थर हा चौथा.

२. वसईच्या तुरुंगाचा लिखित पुरावा

वसईच्या तुरुंगाविषयीची एक महत्त्वाची साक्ष एका कैद्याची आहे. शार्ल दलाँ हा फ्रेंच वैद्य दमण येथे वैद्यकी करीत होता. धार्मिक विषयांवरील त्याच्या मोकळ्या बोलण्यावरून त्याच्यावर पाखंडाचा आरोप ठेवण्यात आला आणि ऑगस्ट १६७३ मध्ये त्याला दमणमध्ये अटक झाली. गोव्यात १५६० पासून कार्यरत असलेल्या इन्क्विझिशनच्या न्यायासनापुढे त्याला उभे करावयाचे होते. जानेवारी १६७४ च्या आरंभी त्याला बेड्या घालून जहाजावर चढवण्यात आले. गोव्याच्या वाटेवर हा ताफा वसईला थांबला आणि तेवढ्या मुक्कामापुरते दलाँ व त्याच्या बरोबरचे कैदी वसईच्या तुरुंगात ठेवले गेले.

दलाँने आपली हकिकत १६८७ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली. वसईचा तुरुंग दमणच्या तुरुंगापेक्षा प्रशस्त आणि कमी घाणेरडा होता, असे तो नोंदवतो. तेथे त्याला आपल्यासारखेच इतर कैदी भेटले. गोव्याला जाणाऱ्या जहाजाची संधी येईपर्यंत इन्क्विझिशनच्या स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना तेथे अडकवून ठेवले होते, आणि त्यांच्याही पायांत बेड्या होत्या. पुढे १२ जानेवारी १६७६ रोजी गोव्यात दलाँला शिक्षा सुनावण्यात आली. मालमत्तेची जप्ती, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालमध्ये पाच वर्षे गलबतांवरील सक्तमजुरी असे तिचे स्वरूप होते. १६७७ मध्ये लिस्बन येथे त्याची सुटका झाली.

ही साक्ष त्रोटक असली तरी तिच्यातून तीन गोष्टी निश्चित होतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईत तुरुंग होता आणि अनेक माणसे एकत्र ठेवता येतील एवढा तो मोठा होता. धर्मसत्तेचे कैदीही तेथेच ठेवले जात. शिवाय हा तुरुंग पुष्कळांच्या बाबतीत मुक्कामाची जागा होता. जहाजांचा ताफा, वारा आणि बंदर यांच्या वेळापत्रकाशी तो बांधलेला होता. याचा अर्थ असा की वसईच्या तुरुंगाचा विचार बंदर आणि समुद्राकडील दरवाजा यांच्यापासून तोडून करता येत नाही.

३. सतराव्या शतकातील तुरुंगाचे स्वरूप

आजच्या पाहणाऱ्याच्या मनात तुरुंग म्हटला की एका ओळीतील कोठड्या, प्रत्येकीला गजांचे दार आणि मधोमध टेहळणीचा मनोरा असे चित्र उभे राहते. हे चित्र एकोणिसाव्या शतकातील आहे. १८९६ ते १९०६ या काळात अंदमानात बांधलेला सेल्युलर जेल हा त्याचा सर्वपरिचित नमुना. कैद्याला एकांतात ठेवून दीर्घकाळ बंदिवास भोगायला लावणे हीच मुख्य शिक्षा, ही कल्पना त्यामागे होती.

सतराव्या शतकातील पोर्तुगीज शहरात बंदिवास ही सामान्यतः अंतिम शिक्षा नसे. खटल्याची वाट पाहणारे आरोपी, कर्ज न फेडलेले ऋणको आणि दुसरीकडे पाठवावयाचे कैदी यांना अडवून ठेवण्याची ती जागा असे. खऱ्या शिक्षा वेगळ्या होत्या : दंड, फटके, जप्ती, हद्दपारी, गलबतावरील मजुरी, देहदंड. दलाँच्या शिक्षेत यांपैकी तीन एकत्र आलेल्या दिसतात. साहजिकच तुरुंगाला स्वतंत्र कोठड्यांच्या रांगांची गरज नव्हती. भक्कम भिंतींची, थोड्या खिडक्यांची, एकाच दाराने बंद करता येणारी मोठी दालने पुरेशी होती. पोर्तुगीज नगररचनेत नगरसभा आणि तुरुंग एकाच इमारतीत, वर सभागृह आणि खाली कैदी अशा रीतीने ठेवण्याचीही प्रथा होती.

कैद्यांच्या अन्नाची जबाबदारीही आजच्यासारखी शासनाने पूर्णपणे उचललेली नसे. ज्याचे नातलग त्याला ते अन्न पोचवीत. ज्याला कोणी नाही, त्याचा भार दानधर्मावर असे. पोर्तुगीज शहरांतील मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था कैद्यांना भेटणे, त्यांना अन्न देणे हे आपले कर्तव्य मानी. वसईतही ही संस्था होती.

यावरून वसईचा तुरुंग ही एकटी इमारत म्हणून पाहण्यापेक्षा न्यायालय, नगरसभा, मिझेरिकॉर्दिया आणि बंदराचा दरवाजा यांच्या साखळीतील एक दुवा म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते. सेल्युलर जेलची प्रतिमा मनात ठेवून किल्ल्यात फिरणाऱ्याला तुरुंग सापडणार नाही. किंवा नको तेथे सापडेल.

४. अंधारी खोली म्हणजे तुरुंग नव्हे

परित्यक्त किल्ल्यांत एक प्रवृत्ती सर्वत्र आढळते. कमी उजेडाची, घुमटाकार छताची प्रत्येक खोली कैदखाना ठरते, आणि तसे नाव देऊन तिचे छायाचित्र प्रसृत होते. एकदा असे नाव चिकटले की पुढचा पाहणारा तेच नाव गृहीत धरतो. परंतु किल्ल्यातील अशी खोली दारूगोळ्याचे कोठार, धान्याची वखार, पहारेकऱ्यांची देवडी, पाण्याचे टाके किंवा मठाचे तळघरही असू शकते. उपयोग ठरतो तो खोलीच्या भिंतींत, दारांत आणि खिडक्यांत राहिलेल्या बारीक खुणांवरून. म्हणूनच छायाचित्रात या खुणा आल्या पाहिजेत.

पहिली खूण दाराची. कोठार असो वा तुरुंग, दार बाहेरून बंद होणारच. पण राहत्या खोलीचा अडसर आतून लागतो. दाराच्या चौकटीच्या दगडात अडसराची खाच कोणत्या बाजूस आहे, ती एक आहे की अनेक, दार कोणत्या दिशेला उघडत होते, हे बिजागरीच्या खळग्यांवरून कळते. दुसरी खूण खिडकीची. गज परित्यक्त वास्तूत क्वचितच शिल्लक राहतात. लोखंड पुन्हा वापरता येत असल्यामुळे ते आधी जाते. वसईच्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यासाठी प्रसिद्धच आहे. गज गेले तरी ते बसवण्यासाठी दगडात केलेली भोके राहतात. त्यांची संख्या, त्यांमधील अंतर, आणि गज उभेच होते की आडवेही होते, हे छायाचित्रातून मोजता आले पाहिजे.

तिसरी खूण हवेच्या झरोक्याची. दारूच्या कोठारात ठिणगी सरळ आत येऊ नये म्हणून झरोका अनेकदा भिंतीतच वळवलेला असतो. माणसांच्या खोलीत तो सरळ असतो. चौथी खूण जमिनीची : सांडपाण्याची मोरी आहे काय, जमीन उतरती आहे काय. पाचवी खूण गिलाव्याची. चुन्याच्या गिलाव्यावर ओरखडे, रेघा, मोजदादीच्या खुणा असतील, तर त्या आजच्या पर्यटकांनी कोरलेल्या नावांपासून वेगळ्या ओळखण्यासाठी जवळून घेतलेले स्पष्ट छायाचित्र लागते.

यांपैकी एकच खूण निर्णायक नसते. अनेक खुणा एकत्र आल्या आणि लिखित पुराव्याशी जुळल्या, तरच 'तुरुंग' हे नाव देता येते. तोपर्यंत छायाचित्राखाली 'बालेकिल्ल्यालगतची कमानदार खोली, दार पूर्वेस' असे साधे वर्णन लिहिणे हेच अधिक शास्त्रीय होय.

५. वसई आणि छायाचित्रणाची परंपरा

दागेरची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये जगापुढे आली. वसई मराठ्यांनी जिंकल्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. म्हणजेच पोर्तुगीज वसई वसलेली असताना कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेली नाही. कॅमेऱ्याच्या वाट्याला आले ते केवळ अवशेष. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर पश्चिम हिंदुस्थानातील प्राचीन वास्तू छायाचित्रकारांच्या आवडीचा विषय बनल्या.

वसईच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल म्हणजे डॉ. जे. जर्सन द कुन्हा यांचा १८७६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेला चौल व वसई यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ. व्यवसायाने वैद्य असलेल्या या गोमंतकीय विद्वानाने शिलालेख, पोर्तुगीज बखरी व प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घातली आणि ग्रंथाला सतरा छायाचित्रे, शिळाछापाची चित्रे व नकाशा जोडला. लेखन, नकाशा आणि छायाचित्र ही तीन साधने एकमेकांना पूरक म्हणून वापरण्याचा हा वसईच्या इतिहासलेखनातील आरंभीचा आदर्श होय. ज्या भिंती तेव्हा उभ्या होत्या आणि आज नाहीत, त्यांच्यासाठी अशी जुनी छायाचित्रे हाच दृश्य पुरावा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईचा किल्ला चित्रपटांच्या चित्रीकरणाचे स्थळ बनला. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या २०१६ च्या एका गीताचे काही चित्रीकरणही येथे झाले. विवाहपूर्व छायाचित्रांसाठी येणारी जोडपी आता नित्याची आहेत. यांतून किल्ल्याची प्रसिद्धी वाढली हे खरे. परंतु या प्रतिमांत अवशेष पडद्यासारखा मागे असतो आणि त्याचा उपयोग काय होता हा प्रश्नच उद्भवत नाही. पुराव्यासाठीचे छायाचित्र याहून वेगळ्या शिस्तीची मागणी करते.

६. छायाचित्रणाची पद्धत : काही मार्गदर्शक सूचना

(अ) परवानगी व नियम. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम १९५८ आणि त्याखालील १९५९ चे नियम संरक्षित स्मारकांना लागू आहेत. हाती धरलेल्या साध्या कॅमेऱ्याने छायाचित्र घेणे आणि चित्रपटाचे चित्रीकरण करणे यांत हे नियम भेद करतात. तिपाई, विशेष प्रकाशयोजना किंवा ड्रोन वापरावयाचा असल्यास पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडून आधी लेखी परवानगी घ्यावी. महाविद्यालयाच्या अभ्याससहलीने तसे पत्र बरोबर बाळगावे. स्मारकाची नासधूस वा विद्रूपीकरण यांसाठी २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

(आ) ऋतू. जून ते सप्टेंबर या काळात भिंतींवर शेवाळ आणि झुडपे माजतात. छायाचित्रे मोहक येतात, पण दगडांचे सांधे दिसत नाहीत. पाऊस सरल्यावर गवत वाळेपर्यंत जमिनीवरील पायाच्या रेषा झाकलेल्या राहतात. डिसेंबर ते मार्च हा काळ रचना समजून घेण्यास अधिक सोयीचा. तरीही एकाच जागेचे एक छायाचित्र पावसाळ्यात घ्यावे. पाणी कोठे मुरते आणि पिंपळ-वडाची मुळे कोणत्या सांध्यांत शिरली आहेत, हे त्यातच कळते.

(इ) प्रकाश. संपूर्ण भिंतीसाठी ढगाळ वा सावलीतील सम प्रकाश चांगला, कारण त्यात खिडक्यांच्या आतील भाग काळे पडत नाहीत. याउलट शिलालेख, खाचा, छिन्नीच्या खुणा आणि गिलाव्यावरील ओरखडे यांसाठी बाजूने घासून येणारा प्रकाश हवा. सकाळी लवकर किंवा मावळतीपूर्वी भिंतीला समांतर ऊन येते, तेव्हा झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. समोरून मारलेल्या झोतदिव्याने ती सपाट होतात. ऊन पोचत नसेल तेथे एकाने विजेरी बाजूला, भिंतीच्या जवळ धरावी आणि दुसऱ्याने छायाचित्र घ्यावे. अक्षरे वाचता यावीत म्हणून त्यांत खडू भरणे, पाणी किंवा तेल लावणे सर्वथा टाळावे. मऊ दगडाची त्याने कायमची हानी होते.

(ई) अंधारी दालने. काळोख्या खोलीत एकच खिडकी असेल तर कॅमेरा एक तर खिडकी दाखवतो किंवा भिंत. अशा वेळी एकाच जागेवरून तीन छायाचित्रे घ्यावीत : पहिले खिडकीच्या प्रकाशाला अनुसरून, दुसरे भिंतीला अनुसरून, तिसरे मधले. खोलीचा प्रत्येक कोपरा समोरच्या कोपऱ्यातून टिपला की चारही भिंती नोंदल्या जातात. छत आणि जमीन वेगळी घ्यावीत. दाराचे छायाचित्र बाहेरून आणि आतून असे दोन्ही बाजूंनी असावे. बंदिवासाच्या इतिहासात हा फरकच मुख्य आहे : पहारेकऱ्याला काय दिसत होते आणि कैद्याला काय दिसत होते. प्रवेश करण्यापूर्वी छताच्या भेगा पाहाव्यात, एकट्याने जाऊ नये, आणि वटवाघळे व साप यांचे भान ठेवावे.

(उ) माप व दिशा. प्रत्येक तपशिलाशेजारी काळे-पांढरे पट्टे असलेली मापपट्टी ठेवावी. भिंतीसाठी एक मीटरची काठी चालते. माणूस उभा करणे हे माप नव्हे. कॅमेरा वर-खाली न झुकवता समपातळीत धरला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात आणि छायाचित्रावरून मापे काढता येतात. उंच भिंत मावत नसेल तर मागे जावे किंवा एकमेकांवर येणारी अनेक छायाचित्रे घ्यावीत. शेजारच्या दोन छायाचित्रांत साठ टक्क्यांहून अधिक भाग सामाईक असेल तर संगणकाच्या साहाय्याने पुढे भिंतीची त्रिमितीय प्रतिकृतीही करता येते.

(ऊ) दुरून जवळ. प्रथम परिसर, मग इमारत, मग दालन, मग दार-खिडकी आणि शेवटी खाच वा अक्षर, या क्रमाने जावे. परिसराच्या छायाचित्रात वास्तूचे शेजारी दिसले पाहिजेत. तिच्यापासून समुद्राकडील दरवाजा, चौक आणि चर्च किती अंतरावर व कोणत्या दिशेस आहेत, हे एकाच चौकटीत आले तर तुरुंग हा शहराच्या साखळीतील दुवा होता ही गोष्ट चित्रातूनच स्पष्ट होते.

(ए) नोंद व जतन. दिनांक, वेळ, उभे राहण्याची जागा, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेस, हे वहीत लिहावे. कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर असल्याची आधी खात्री करावी. मूळ धारिका न बदलता ठेवावी आणि रंग-छटांचे बदल तिच्या प्रतीवर करावेत. तीन प्रती, त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी, हा नियम पाळावा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंदवहीसह एक संच ठेवल्यास पुढच्या विद्यार्थ्यांना त्याच जागेवर उभे राहून दहा वर्षांनी तेच छायाचित्र घेता येईल. १८७६ च्या छायाचित्रांबाबत हा प्रयोग आजही करण्यासारखा आहे.

७. तुलनेसाठी तीन तुरुंग

वसईच्या शेजारी ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी आरंभलेला हा किल्ला इंग्रजी अमलात तुरुंग झाला. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथूनच सप्टेंबर १८१६ मध्ये निसटला. जॅक्सनच्या खुनाच्या खटल्यातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथे फाशी देण्यात आली. तो आजही मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे तेथे मुक्त छायाचित्रण शक्य नाही. वापर चालू असल्याने वास्तू टिकली, पण पाहता येत नाही.

गोव्यातील रेईस मागोस किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. पुढे त्याचे जीर्णोद्धारकार्य होऊन २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आग्वाद येथील तुरुंगात गोवा मुक्तिलढ्यातील अनेकांना डांबण्यात आले होते. त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा हे त्यांतील अग्रणी. तेथील कैदी २०१५ मध्ये कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवण्यात आले आणि डिसेंबर २०२१ मध्ये जुन्या वास्तूत संग्रहालय सुरू झाले.

या उदाहरणांतून असे दिसते की परित्यक्त तुरुंगाच्या आयुष्यात एक छोटा मध्यंतर असतो. शेवटचा कैदी गेलेला असतो आणि जीर्णोद्धार अद्याप झालेला नसतो. भिंतींवरील लेखन, दारांची झीज, जुना रंग हे सर्व त्या काळातच नोंदवता येते. डागडुजी कितीही काळजीपूर्वक झाली तरी नवा गिलावा जुन्या खुणा झाकतो. आग्वादसारख्या ठिकाणी हा मध्यंतर काही वर्षांचा होता. वसईत तो दोन शतकांचा झाला आहे, आणि म्हणूनच तेथे हानी संथ असली तरी अखंड आहे. प्रत्येक पावसाळ्यात थोडा गिलावा गळतो, एखादा सांधा उघडतो. दुरुस्तीची प्रत्येक फेरी काही वाचवते आणि काही झाकते.

८. नैतिक बाजू

तुरुंगाच्या अवशेषांचे छायाचित्रण करताना ती दुःखाची जागा होती याचा विसर पडू नये. भयाचा आभास निर्माण करण्यासाठी गडद छटा, खोट्या साखळ्या किंवा अभिनय यांचा वापर करून घेतलेले चित्र त्या जागेच्या इतिहासाशी प्रतारणा करते. दलाँने वसईच्या तुरुंगाचे वर्णन करताना तो दमणपेक्षा बरा होता असे लिहिले. ज्याने ते सोसले त्याने अतिशयोक्ती केली नाही. मग केवळ पाहायला आलेल्याने ती करण्याचे कारण नाही. दलाँचे नाव उरले, कारण तो लिहिता होता आणि सुटला. त्याच्याबरोबर बेड्यांत असलेल्या इतरांची नावे त्याच्या हकिकतीमागे लोपली. त्यांच्या अस्तित्वाचा काही अंश राहिला असेल तर तो या भिंतींतच.

त्याचप्रमाणे किल्ल्याच्या आत व लगत जिवंत वस्ती आहे, याचे भान हवे. किल्लाबंदरचे मच्छीमार, वज्रेश्वरी व नागेश्वर यांच्या दर्शनाला येणारे भाविक, आजही धार्मिक निमित्ताने चर्चच्या अवशेषांत जमणारे ख्रिस्ती ग्रामस्थ, या सर्वांचा किल्ल्याशी नित्याचा संबंध आहे. त्यांची छायाचित्रे त्यांना विचारूनच घ्यावीत. जुन्या जागांची नावे व वापर यांविषयी त्यांच्याकडील माहिती नोंदवहीत स्वतंत्रपणे लिहावी, आणि ती कोणत्या प्रकारची माहिती आहे हेही नमूद करावे.

निष्कर्ष

१. वसईत सतराव्या शतकात तुरुंग होता, याला १६७४ मध्ये तेथे ठेवलेल्या कैद्याची प्रत्यक्ष साक्ष आहे. तो प्रामुख्याने अडवून ठेवण्याची जागा होता आणि त्याचे नाते न्यायालय, धर्मसत्ता, धर्मादाय संस्था व बंदर यांच्याशी होते.

२. एकोणिसाव्या शतकातील कोठडीबंद तुरुंगाची प्रतिमा वसईवर लादल्यास अवशेषांची ओळख चुकते. अंधाऱ्या खोलीला नाव देण्यापूर्वी दार, खिडकी, झरोका, जमीन आणि गिलावा यांवरील खुणांची नोंद आवश्यक आहे.

३. माप, दिशा, दिनांक आणि योग्य प्रकाश यांसह घेतलेले साधे छायाचित्र हे दस्तऐवजाच्या योग्यतेचे असते. यांवाचून घेतलेले सुंदर छायाचित्र तसे ठरत नाही.

४. वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांनी इतिहास विभागाच्या वतीने किल्ल्याच्या ठरावीक जागांचे दरवर्षी, त्याच स्थानांवरून छायाचित्रण करून त्याचा संग्रह ठेवणे शक्य आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. शिस्त आणि सातत्य लागते.

'तुरुंग' हा शब्द मराठीने जपला, कारण तो रोज वापरला गेला. ज्या वास्तूचा वापर थांबला आहे, तिला जपण्याचे काम नोंदीनेच होऊ शकते. पुढील पावसाळ्यात वसईतील कोणता दगड निखळेल हे सांगता येत नाही. तो कोठे व कसा होता, हे मात्र आज नोंदवून ठेवता येते.